सुपाएवढ्या जागेवर धूळ नव्हती

१७ डिसेंबर. सकाळी ५:५०. नाकाडोंगरी, तलावामागचं मैदान. मी चुन्याची रेघ मारत होते. आमची फेरी दोनशे मीटरची आहे. रात्री दव पडलं की कालची रेघ पुसट होते, म्हणून रोज नव्याने मारावी लागते. उषा हापशीवरून पाणी आणून ड्रम भरत होती. तिच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूने बोलावं लागतं. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही.

मी केंद्रीय सशस्त्र दलात बावीस वर्षं होते. निवृत्त झाले तेव्हा इन्स्पेक्टर होते. गावातले लोक मला फौजी मॅडम म्हणतात. सैन्य वेगळं आणि आमचं दल वेगळं, हे मी समजावत बसत नाही. चार वर्षांपूर्वी माहेरच्या गावी परत आले आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना मैदानावर घेऊ लागले. सध्या तेवीस मुली येतात. उषा माझ्याच प्लाटूनमध्ये कॉन्स्टेबल होती. ती तुमसर तालुक्यातलीच. आता नवऱ्यासोबत धानाची शेती करते आणि आठवड्यातून तीन दिवस मुलींना गोळाफेक शिकवते.

६:१५ ला फॉल-इन. ६:२५ ला आठशे मीटर सुरू. चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीच्या वळणावर पल्लवी पडली.

पल्लवी चिखल्याची. वडील तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत भूमिगत काम करतात. तिची मैदानी चाचणी एकवीस दिवसांवर आली होती. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची भरती. माझ्याकडच्या मुलींमध्ये आठशे मीटरला तीच सर्वांत वेगवान.

"उठ," मी म्हणाले.

"उठून राहिली, मॅडम."

उठली नाही. उषाने तिचा मोजा खाली केला. नडगीच्या आतल्या बाजूला सूज होती. बोटाने दाबलं तशी पोरगी कळवळली.

"कधीपासून दुखून राहिलं?" उषाने विचारलं.

"आजच."

"खरं सांग वो."

"नऊ दिवस झाले."

"मंग काहून नाही सांगितलं?"

पल्लवी माझ्याकडे न पाहता बोलली. "एक थांबली का सगळ्यायले एक फेरी जास्त पडते ना. मंग साऱ्या पोरी बोलतात."

हा नियम माझाच. दोन महिन्यांपूर्वी लावला होता. पोरींनी एकमेकींना धरून पळावं, मध्येच सोडायची सवय लागू नये, म्हणून. नियम लावल्यावर थांबणाऱ्या मुली जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. मला त्याचं समाधान होतं.

मागून रोशनी नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आता आम्ही एक फेरी जास्त मारू का?"

टोमणा नव्हता. नियम होता म्हणून तिने सरळ विचारलं.

उषा गुडघ्यावरून उठली. हात ओढणीला पुसले. "मॅडम," ती म्हणाली, "हे आपण पाह्यलं आहे."

मी मुलींना घरी पाठवलं. पल्लवीला गाडीत घालून आम्ही तुमसरला निघालो. दवाखाना उघडायला दीड तास होता. पोरीला बाकावर बसवून मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावन्न पावलं. उषा म्हणाली, "बसा वो मॅडम, फरशी घासून जाईन." बसले. पुन्हा उठले. जे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं होतं, ते त्या व्हरांड्यात मनात लिहून झालं होतं. ते इथे देते.

तेव्हा मी सब-इन्स्पेक्टर होते, वय चौतीस. आमची महिला कंपनी छत्तीसगडमधल्या जंगलातल्या एका कॅम्पवर होती. काम रोड ओपनिंगचं. म्हणजे रस्त्यावरून रेशनच्या गाड्या आणि बस जाण्याआधी तो रस्ता आणि दोन्ही कडा पायी तपासायच्या. रोज साडेपाचला निघायचं. दोन सेक्शन, प्रत्येकी दहा जणी. पुढे दोन स्काउट, त्यांच्या मागे बाकीच्या, दोघींमध्ये दहा-पंधरा पावलांचं अंतर. काही संशयास्पद दिसलं की स्काउटने मूठ वर करायची. मूठ वर गेली की सगळ्यांनी जिथे आहोत तिथे जमिनीवर पालथं पडायचं. मग कुत्रा आणि त्याचा हँडलर येऊन पाहायचा. काही नसेल तर पुढे.

कुत्र्याचं नाव रोमी. लॅब्राडोर. स्फोटकाचा वास आला की तो त्या जागी बसायचा आणि बक्षीस म्हणून त्याला चेंडू मिळायचा. हँडलर हवालदार होता, वयाने मोठा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. एकच कुत्रा आणि रस्ते तीन. रोमी यायला कधी अर्धा तास, कधी तासभर लागायचा. एप्रिलमध्ये नऊनंतर जमीन तापते. तासभर पोटावर पडून राहणं काय असतं, ते पडल्याशिवाय कळत नाही.

कॅम्पवर पाण्याची अडचण होती. बोअरचा पंप जनरेटरवर चालायचा आणि जनरेटर दहा ते बारा. त्या दोन तासांत टाकी भरेल तेवढंच दिवसाचं पाणी. आधी परतलेल्या सेक्शनला माणशी दोन बादल्या मिळायच्या. उशिरा येणाऱ्यांना कधी एक, कधी तोंड धुण्यापुरतं.

आम्हाला रस्ता पूर्ण करायला सव्वाअकरा वाजायचे. कंपनी कमांडर रोज विचारायचे, उशीर का. मी एक नियम लावला. ज्या सेक्शनचा रस्ता साफ असल्याचा 'ऑल ओके' आधी, त्याची अंघोळ आधी. शिवाय ज्यांचा रिपोर्ट वेळेत येई त्यांना मी वायरलेसवरच शाबासकी द्यायचे, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

पंधरा दिवसांत सव्वाअकराचे सव्वादहा झाले. कंपनी कमांडरांनी इतर प्लाटूनना आमचं उदाहरण दिलं.

त्या पंधरा दिवसांत उषाने दोनदा मूठ वर केली. ती माझ्या पहिल्या सेक्शनची स्काउट होती, नजर चांगली. पहिल्यांदा तिला तार दिसली. रानडुकरासाठी गावकऱ्यांनी लावलेला फास निघाला. सेक्शन पन्नास मिनिटं उन्हात पडून होता. दुसऱ्यांदा मातीत अर्धवट गाडलेला डबा दिसला. गुराख्याचा जेवणाचा डबा निघाला, आत वाळलेली भाजी. त्या दिवशी तास गेला. दोन्ही दिवशी तिच्या सेक्शनला पाणी मिळालं नाही.

जेवणाच्या रांगेत मुली तिला चिडवू लागल्या.

"उषा, आज किसका टिफिन पकडेगी?"

"अगली बार सब्जी गरम हो तो बताना."

सर्वांत जास्त चिडवायची मंजू. मंजू उत्तराखंडची, उषाची बडी. बडी म्हणजे जोडीदार. पहारा, जेवण, झोप, सगळं दोघींनी जोडीने करायचं. मंजूचे केस कमरेखाली जायचे. नियमात बसवण्यासाठी ती त्यांचा अंबाडा इतका घट्ट बांधायची की टोपी वर उचलली जायची. मी तिला दोनदा सांगितलं होतं, काप. ती म्हणायची, "मैडम, छुट्टी के बाद पक्का." प्रत्येक सुट्टीनंतर तेच.

त्या डब्यानंतर मी उषाला पिट्ठू दिला. पाठीवर भरलेली पिशवी घेऊन मैदानाच्या चार फेऱ्या, दुपारी दोन वाजता. नीट पाहून मग मूठ वर करायला शिकावं, हा माझा हेतू.

उस्ताद सावलीत रोमीला घासत बसला होता. तो उठून माझ्याकडे आला.

"मैडम, एक बात बोलूँ?"

"बोला."

"रोमी गलत जगह बैठ जाए तो मैं डाँटता नहीं. बस गेंद नहीं देता. आगे ले जाता हूँ."

"का?"

"एक बार डाँट दिया तो वो गलत बैठना नहीं छोड़ेगा. बैठना ही छोड़ देगा. सही जगह पर भी."

मी म्हणाले, "उस्ताद, कुत्रा वेगळा, जवान वेगळा."

"जी मैडम," तो म्हणाला. "जवान तो और जल्दी सीखता है."

मी त्याला जायला सांगितलं. उषाने चौथी फेरी पूर्ण केली, पिशवी खाली ठेवली, सलाम केला आणि गेली. त्यानंतर अकरा दिवस तिने एकदाही मूठ वर केली नाही. मला वाटलं, सुधारली.

२६ एप्रिल. मंजूची सुट्टी दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होती. सकाळी पाच वाजता तिने आपली बादली टाकीखाली नेऊन रांगेत पहिली ठेवली. आत शाम्पूच्या दोन पुड्या. निघताना ती उषाला म्हणाली, "आज टाइम पे लौटा दे यार. बाल धोने हैं. ऐसे सिर के साथ घर जाऊँगी तो माँ पहचानेगी नहीं." हे मी स्वतः ऐकलं. मी तेव्हा वायरलेसची बॅटरी तपासत होते. हसलेही.

५:३० ला निघालो. पहिला सेक्शन पुढे, मी दुसऱ्यासोबत तीनशे मीटर मागे. त्या दिवशी रोमी दुसऱ्या रस्त्यावर होता. ८:५० ला पहिल्या सेक्शनचा रिपोर्ट आला, "माइक वन, अब तक ऑल ओके, ओवर." मी म्हणाले, "शाबास. बढ़ते रहो. ओवर."

९:४२ ला स्फोट झाला.

आवाजाआधी जमीन हलली. मी आडवी झाले. मग वायरलेसवर सेक्शन कमांडर. "ब्लास्ट, ब्लास्ट. कैजुअल्टी दो. ओवर." मी दुसऱ्या सेक्शनला दोन्ही बाजूंनी पसरवलं आणि पुढे गेले. गोळीबार झाला नाही. छोट्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला खड्डा पडला होता. त्याच्या पलीकडे उषा बसलेली होती. कानातून रक्त येत होतं, ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. अलीकडे मंजू.

टोपी उडाली होती, अंबाडा सुटला होता. रक्त थांबवायला आम्ही दोन्ही पायांना टुर्निके आवळून बांधली. मी हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, चाळीस मिनिटं. मंजू १०:०५ ला गेली. शेवटी तिने वेळ विचारली. मी सांगितली.

कॅम्पवर परतलो तेव्हा साडेतीन वाजले होते. पंप बंद. टाकीखाली मंजूची बादली तशीच रांगेत पहिली होती, काठोकाठ भरलेली. दुसऱ्या प्लाटूनच्या मुलींनी तिची पाळी समजून भरून ठेवली होती. सगळे त्या बादलीला वळसा घालून जात होते.

संध्याकाळी मी उषाला भेटले. उजव्या कानाने थोडं ऐकू यायला लागलं होतं. ती हिंदी सोडून आपल्या बोलीत बोलली. एरवी माझ्याशी ती तसं बोलायची नाही.

"मले दिसलं होतं, मॅडम."

"काय दिसलं होतं?"

"कडेच्या साऱ्या पाल्यावर धूळ होती. गाड्यायची. एवढ्या एका जागेवर नव्हती." तिने दोन्ही हातांनी माप दाखवलं. "सुपाएवढी जागा. कोणीतरी पाला उचलून परत पसरवला असन, असं मनात आलं."

"मग?"

"पाय थांबला होता. मंग वाटलं, आजबी काही निघालं नाही तं मंजूचं पाणी जाईन. पोरी बोलतीन. तुमी पिट्ठू द्यान. मी त्या जागेच्या बाजूनं पाय टाकला अन् पुढं गेली. मी बाजूनं गेली, मॅडम. मंजू मागून येऊन राहिली होती, तिले सांगितलं नाही."

 

चौकशी बसली. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, स्काउटला संशय आला होता का? उषाने खरं सांगितलं. मग त्यांनी कागदावर निष्काळजीपणा हा शब्द लिहायला घेतला. मी बोलायची परवानगी मागितली. आधी-अंघोळीचा नियम, वायरलेसवरची शाबासकी, पिट्ठू, उस्ताद काय म्हणाला होता आणि मी त्याला काय उत्तर दिलं होतं, सगळं तारखांसह सांगितलं. अधिकारी म्हणाले, "तुम्ही हे स्वतःहून नोंदवता आहात, हे समजतं ना?" मी हो म्हणाले. माझ्या सेवापुस्तिकेत शेरा आला. प्रमोशन तीन वर्षं लांबलं. उषावर कारवाई झाली नाही. दोन वर्षांनी कानामुळे ती घरी आली.

मी त्याच वर्षी इन्स्ट्रक्टरच्या कोर्सला गेले. तिथे मानसशास्त्राचे एक प्राध्यापक दोन तास घ्यायला यायचे. विषय होता साधक अभिसंधान. म्हणजे, आपण काही करतो, त्याचा परिणाम आपल्याला भोगायला मिळतो आणि त्यावरून तीच गोष्ट पुन्हा करायची की नाही हे आपण शिकतो. बऱ्याचदा आपल्याही नकळत. त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. एखादी कृती वाढते तेव्हा ते प्रबलन, कमी होते तेव्हा ती शिक्षा. काही दिलं तर धन, काही काढून घेतलं तर ऋण. धन म्हणजे चांगलं आणि ऋण म्हणजे वाईट असं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. फक्त बेरीज आणि वजाबाकी.

वर्गातल्या लोकांनी घरच्या मुलांची उदाहरणं दिली. मला चारही चौकोनांत आमचा कॅम्प दिसत होता. मूठ वर केली की उषाच्या पाठीवर पिशवी यायची. तिथे शिक्षा देऊन झाली. मूठ वर केली की सेक्शनचं पाणी जायचं. तिथे काढून घेऊन झाली. गप्प राहिलं की शाबासकी मिळायची. आणि गप्प राहिलं की चिडवणं थांबायचं. ते थांबणंसुद्धा प्रबलनच, ऋण प्रबलन, कारण त्रास गेल्याने गप्प राहणं पक्कं होतं. चारही बाजूंनी मी एकच गोष्ट शिकवत होते, आणि मला वाटत होतं की मी वेळेवर परतायला शिकवते आहे.

प्राध्यापकांनी विचारलं, "बक्षीस आणि शिक्षा कोण ठरवतं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "देणारा."

"नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी काय होतं, त्यावरून ठरतं. तुमचा हेतू त्या चौकोनात मावत नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं. त्या वर्षापासून निवृत्तीपर्यंत जिथे पोस्टिंग झालं तिथे खोट्या ठरलेल्या इशाऱ्यासाठी मी कुणाला शिक्षा दिली नाही, देऊही दिली नाही. उलट मूठ वर झाली आणि काही निघालं नाही, तर त्या सेक्शनसाठी पाणी बाजूला काढून ठेवायला सांगायचे. त्याने काम मंदावलं. वरून विचारणा झाल्या. मी उत्तरं दिली.

म्हणून मला वाटलं होतं, मी शिकले.

तुमसरच्या त्या व्हरांड्यात उषा माझ्या डाव्या बाजूला बसली होती, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे.

"तुला हे आधी लक्षात आलं होतं?" मी विचारलं. "फेरीच्या नियमाचं?"

"हाव."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "पहिल्या हप्त्यात बोलली होती, मॅडम. मी म्हटलं, पोरी लपवतीन. तुमी म्हटलं, उषा, हे मैदान आहे, जंगल नाही."

मला ते आठवलं नाही. ती खोटं बोलत नाही, म्हणजे मी म्हटलं असणार. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. तोंड बंद करायला मला यावेळी पिट्ठूही द्यावा लागला नव्हता. एक वाक्य पुरलं.

साडेदहाला एक्स-रे झाला. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलणारे. हाडाला बारीक तडा. सहा आठवडे पळणं नाही, पहिले दोन आठवडे तर पाय टेकवायचाही नाही.

पल्लवीने विचारलं, "तीन हप्त्यायनं पेपर आहे सर माझा. मैदानाचा."

"नाही जमणार."

"गोळी घेऊन?"

"नाही."

मी विचारलं, "पहिल्या दिवशी आणलं असतं तर?"

"तेव्हा तडा नसावा. आठ-दहा दिवस विश्रांती घेतली असती तर बहुधा उतरता आलं असतं."

पल्लवी रडली नाही. तिने एक्स-रेचं पाकीट घेतलं आणि त्याच्या कडा बोटांनी सरळ करत राहिली. चिखल्याला तिच्या घरी सोडलं तेव्हा वडील पहिल्या पाळीवर होते. आईला मी सांगितलं, "चूक माझी आहे. नियम माझा होता." आई म्हणाली, "नाही वो मॅडम, पोरगीच हट्टी आहे." पल्लवीला हे बरं वाटलं असतं तर मी गप्प बसले असते. तिला बरं वाटलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, यावेळी तिच्याकडे पाहून. "तू सहन केलंस, त्याचं कौतुक मी करणार नाही. दुखणं लपवायला मी शिकवलं. तू शिकलीस." मग वनरक्षकाच्या भरतीची माहिती काढून देते म्हणाले. त्यात वयाची सवलत आहे का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तसंही सांगितलं. ती फक्त "हाव" म्हणाली.

दुपारी घरातली भांडी दोनदा लावली. संध्याकाळी मैदानावर जाऊन उगीच रेघ पाहून आले.

१८ डिसेंबर. ५:५० ला चुना मारला. उषाचा तो वार नव्हता, तरी ती आली. ड्रम भरला.

६:१५ ला फॉल-इन. बावीस मुली. पल्लवीला काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. "एक फेरी जास्त, हा नियम आजपासून बंद. तो चुकीचा होता. जिचं काही दुखतं तिने हात वर करायचा."

एकही हात वर झाला नाही.

होणार नव्हता. दोन महिने मी जे शिकवलं ते एका घोषणेने पुसलं जात नाही; ती काही चुन्याची रेघ नव्हे. मी शिट्टी वाजवली.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत, तलावाच्या बाजूला, रोशनी रेघेच्या आत येऊन थांबली. हात अर्धा वर. डोक्याच्या वर नाही, कानापर्यंत. मागच्या मुली हळू झाल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टी देऊन सगळ्यांना थांबवलं आणि चालत तिच्यापर्यंत गेले. पळत नाही. पळत गेले असते तर ती घाबरली असती.

"काय झालं?"

"काही नाही, मॅडम."

"हात वर होता."

"जोड्यात खडा गेला वाटते. चालते मॅडम, पळतो मी."

"काढ जोडा."

तिने काढला. उलटा केला. तुरीच्या दाण्याएवढा खडा पडला.

"बरोबर थांबलीस," मी म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शाबास रोशनी. रोशनी थांबली म्हणून सगळ्यांना पाणी. उषा, ड्रम उघड."

मुलींना आधी कळलं नाही. मग एक गेली, मग सगळ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "माह्याबी जोड्यात काहीतरी आहे वाटते, मॅडम." हशा झाला. त्या हशात एक मुलगी, जी दोन महिने एकदाही थांबली नव्हती, ड्रमाजवळ खाली बसली आणि आपली टाच दाबू लागली. मी ते पाहून ठेवलं.

उषा मगाने पाणी देत होती. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"आता उद्यापासून सगळ्यायच्याच जोड्यात खडे निघतीन," ती म्हणाली.

"निघू देत."

शेवटच्या मुलीला पाणी देऊन तिने ड्रममध्ये वाकून पाहिलं. अर्ध्याच्या खाली गेला होता. 

"एवढ्या पाण्यात मंजूचे केस धुऊन झाले असते," ती म्हणाली.

"दोन बादल्या लागायच्या तिला."

"हाव. दोन."

मी घड्याळ पाहिलं. ६:३८. शिट्टी वाजवली. मुली उठल्या. टाच दाबणारी मुलगी रेघेकडे निघाली, दोन पावलांवर थांबली आणि माझ्याकडे वळून तिने हात वर केला.